हळदीच्या दुधातली गोळी

माझा कॅन्सर बरा झाला. आधीच सांगून टाकते, म्हणजे "बिचारी वाचते की नाही" या काळजीत कोणी शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसायला नको. मी वाचले, चांगली ठणठणीत वाचले. केस परत आलेत, वजन परत आलंय, आवाज तर शेजारच्या दोन घरांना पुरेल एवढा आलाय. गेला तो वसंतरावांचा उजवा पाय, गुडघ्याखालून. आणि डोळे. वसंतराव म्हणजे माझे यजमान. आजार माझा होता आणि भोगलं त्यांनी, तेव्हा हे आजारपण नक्की कोणाचं म्हणून लिहावं हेच मला कळत नाही.

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मंदाताई, असं लिहा की दुसऱ्या पेशंटला धीर आला पाहिजे." मी म्हटलं, धीर माझ्याजवळ फारसा नाही. एक चूक आहे. ती चालत असेल तर लिहिते.

*

मी रायपुरातल्या एका हिंदी शाळेत जन्मभर गणित शिकवलं. माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, कोणालाही विचारा. पोट्टे मला घाबरायचे आणि मला ते आवडायचं. घरीही तेच. वसंतराव भनपुरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगचं काम बघायचे. दिवसभर ट्रकवाल्यांचं ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन माझं. कधी उलटून बोलले नाहीत. त्यामुळे माझी सवय आणखीच बिघडली.

आमच्या घरात आजारपण हे खातं त्यांचं होतं. वीस वर्षांची साखर. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. भात नाही, आंबा नाही, गणपतीचा मोदक नाही. मी मात्र घोड्यासारखी धडधाकट. म्हणून आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली तेव्हा मी ती दोन महिने कोणाला सांगितलीच नाही. आपल्याला काही होत नसतं, ही माझी पक्की समजूत.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या लेकीच्या, शिल्पाच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मी समजले. शिक्षक खुर्ची जवळ ओढतो तेव्हा नापासच सांगायचं असतं. त्यांनी सांगितलं आणि वसंतराव म्हणाले, "पण हिले तर शुगरबी नाही."

काय बोलावं या माणसाला! मी तिथंच, डॉक्टरांच्या देखत फाडकन म्हटलं, "सगळं आजारपण तुम्हीच एकट्यानं करायचं का? आता माझी पाळी."

ते हसले नाहीत. घरी येईपर्यंत ई-रिक्षात माझी पिशवी पोटाशी धरून बसले होते. मी घाबरले होते, पण ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. मला भीती वाटली की मी टोचून बोलते. आणि टोचायला जवळ कोण होतं? तेच.

*

ऑपरेशन झालं. मग आठ केमो, दर तीन आठवड्यांनी एक.

ज्यांचं अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. सुई टोचते त्याचं काही नाही. वाईट असतं ते थांबणं. सकाळी आठला टोकन, मग रक्त, मग रिपोर्ट, मग डॉक्टर, मग औषध, आणि प्रत्येक ठिकाणी "बैठिए". लाल रंगाचं एक औषध असतं, ते नसेत जाताना बघू नका. तिथली एक सिस्टर माझी शीर पहिल्याच टोचणीत शोधायची. "दुखा क्या दीदी?" म्हणून विचारायची, आणि मी "नाही" म्हटलं की "हव", म्हणजे आपलं "बरं", म्हणून मान डोलवायची. तिची ड्युटी असली की मला दिवस सोपा जायचा. देव भेटायचाच असेल तर अशा सिस्टरच्या रूपात भेटावा, बाकी नुसते फोटोतले देव मला त्या दिवसांत बघवत नव्हते.

तोंडाची चव गेली. पाणी लोखंडासारखं लागायचं, वरण साबणासारखं. शिल्पा, आमची एकुलती एक लेक, शंकर नगरला असते, नोकरी करते. मराठी समजतं सगळं, उत्तर हिंदीत. ती रविवारी डबा घेऊन यायची. "आई, दो कौर तो खा ले." मी डबा सरकवायची. तिनं रडून बघितलं, रागावून बघितलं. मग ती वसंतरावांवर चिडायची, "बाबा, आप कुछ बोलते क्यों नहीं?" ते काय बोलणार? घरात त्यांना बोलायची सवयच मी ठेवली नव्हती.

*

दुसऱ्या केमोच्या आधी त्यांनी पेपरातलं एक कात्रण कापून चष्म्याच्या डबीत ठेवलं. साखरेच्या एका साध्या, घरोघरी असणाऱ्या गोळीनं कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावू शकते, अशी बातमी होती. ती गोळी म्हणजे वसंतराव वीस वर्षं घेत होते तीच.

तपासणीच्या वेळी त्यांनी डबी उघडली, कात्रण काढलं आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढं धरलं. डॉक्टरीणबाईंनी ते खरोखर वाचलं, हे मी सांगितलं पाहिजे. म्हणाल्या, "काका, बात झूठी नहीं है. लैब में ऐसा दिखा है. पर मरीजों में अभी पक्का कुछ नहीं, किसी में थोड़ा फर्क, किसी में कुछ भी नहीं. आंटी को शुगर है नहीं, तो मैं ये गोली नहीं दूँगी. और आप लोग अपने मन से मत देना."

इथंच संपायला हवं होतं. पण मी गप्प बसले तर मी कसली! मी म्हटलं, "डॉक्टर, यांच्याकडे लक्ष देऊ नका. जन्मभर ट्रकच्या पावत्या फाडल्या, आता पेपर वाचून मला बरी करायला निघालेत." बाहेर बसलेली माणसंसुद्धा हसली. दार उघडंच होतं.

वसंतरावांनी कात्रणाची घडी केली, डबीत ठेवली, टक्कन झाकण लावलं. त्यानंतर त्या गोळीचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. मी तिथं त्यांचं हसं केलं नसतं तर त्यांनी घरी येऊन मला विचारलं असतं, आणि मी साफ नाही म्हटलं असतं, आणि आज ते दोन पायांवर चालत असते. हा हिशेब मी शंभरदा करून पाहिला आहे. उत्तर बदलत नाही.

*

त्याच आठवड्यापासून रोज दिवेलागणीला हळदीचं दूध सुरू झालं. ते स्वतः करायचे. गूळ घालून, गाळून, पितळी पेल्यातून आणून द्यायचे. "पिऊन घे, ताकद येते."

दूध कडूजहर. पहिल्या दिवशी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मला वाटलं, माझं तोंडच बिघडलंय. वरण साबण लागतं तर दूध कडू लागणारच. त्यांना सांगितलं असतं तर ते पुन्हा गूळ घालून आणत बसले असते. तो आग्रह नको म्हणून मी "ठेवा, पिते" म्हणायची, ते देवापुढं दिवा लावायला वळले की उठायची आणि पेला मोरीत रिकामा करायची. वरून तांब्याभर पाणी. मग पदरानं तोंड पुसायचं.

ते येऊन रिकामा पेला बघायचे. त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मला चीड यायची. एक पेला दुधाचं काय एवढं!

साडेतीन महिने. एक दिवस चुकला नाही. ना त्यांचा, ना माझा.

*

आता जे लिहिते ते लिहिताना लाज वाटते. पण लिहिते.

ते पाणी पिऊ लागले. केमोला जाताना माझ्यासाठी भरून घेतलेली बाटली वाटेतच संपवायचे. मी म्हटलं, "पेशंट मी आहे की तुम्ही?" सारखे लघवीला उठायचे, माझी झोपमोड व्हायची, मी उशी आपटायची. पँट ढिली झाली, पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. मी म्हटलं, "माझ्या काळजीनं वाळून राहिलो असं लोकांना दाखवायचं आहे का तुम्हाला?" पेपर वाचताना डोळे चोळायचे. मी म्हटलं, "वाचा आणखी बातम्या."

वीस वर्षं मी त्यांच्या साखरेचं पथ्य सांभाळलं. त्यांची साखर वाढली की काय काय होतं हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला दिसलं नाही. कारण त्या घरात आता आजारी मी होते. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला काही होऊ शकतं, हे मला कबूलच नव्हतं.

गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप मी मात्र बघायची. बरोबर रिकाम्या व्हायच्या. मग काय, माझं कर्तव्य संपलं.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. रायपूरचा नवतपा ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. ज्यानं नाही काढला त्यानं तापलेल्या तव्याची आठवण करावी. हॉस्पिटलमध्ये केमोच्या विभागाबाहेर पाटी होती, चपला बाहेर काढा. दुपारी औषधाचं टोकन घ्यावं लागायचं, ती खिडकी अंगणाच्या पलीकडे. मला सावलीत बसवून वसंतराव अनवाणीच टोकन घ्यायला गेले आणि त्या फरशीवर अर्धा तास उभे राहिले. चपला घालून यावं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण पाय भाजतोय हे त्यांना कळतच नव्हतं. साखरेनं तळव्यांची जाणीव कधीच गेली होती. फोड आला. फुटला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण घरात आधीच एक पेशंट होती आणि ती खेकसत होती.

केमोनं माझं नाक फार तिखट झालं होतं. सहाव्या केमोनंतर खोलीत मला वास येऊ लागला. उंदीर मेला म्हणून मी कपाटं सरकवायला लावली. मग कळलं, वास त्यांच्या पायाला आहे.

आणि मी काय केलं? पाय बघितला? नाही. मी म्हटलं, "मला उलटी होते. तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा."

त्यांनी चादर उचलली आणि गेले. आठ दिवस ते तिथं तापात पडून होते. संध्याकाळचं दूध तेवढं चुकवलं नाही. भिंतीला धरून, लंगडत पेला आणायचे. मी मोरीत ओतायची.

*

रविवारी शिल्पा आली. बाहेरच्या खोलीत बापाला बघून किंचाळली. पायाला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि तिथंच मटकन खाली बसली.

इमर्जन्सीत बोटाला टोचून साखर बघितली, तर मशीनवर आकडाच येईना. इतकी वर गेली होती की मशीनला मोजता येत नव्हती. तिथला डॉक्टर म्हणाला, "गोली बंद की थी क्या?"

मी डोक्याला रुमाल बांधलेली, हाडांची काडी, तरी ताठ उभी राहून म्हणाले, "अजिबात नाही. रिकाम्या स्ट्रिप मी स्वतः बघते."

तेव्हा स्ट्रेचरवरून वसंतराव म्हणाले, "मी घेत नव्हतो."

"काय?"

"तुले देत होतो. दुधात. दोन्ही गोळ्या, बारीक करून."

शिल्पा ओरडली, "बाबा! देनी ही थी तो दुकान से दूसरी ले आते! अपनी क्यों छोड़ी?"

त्यांना ताप भरला होता, पण उत्तर एकदम सरळ दिलं. बहुतेक साडेतीन महिने तयार करून ठेवलं होतं. "दुकानातून आणून दिली, तर त्यात माझं काय गेलं? आपलं काही सोडल्याशिवाय देव काहून ऐकंल?"

इथं थोडं थांबून सांगायला हवं. त्यांच्या घरात ही रीतच होती. घरात कोणी जिवावरच्या दुखण्यात पडलं की दुसऱ्यानं त्याच्यासाठी काहीतरी सोडायचं. नवस बोलायचा आणि आवडीची वस्तू बंद. वसंतराव लहानपणी टायफॉइडमध्ये गेल्यात जमा होते, तेव्हा त्यांच्या आईनं आंबा सोडला. ते बरे झाले. माझ्या सासूबाईंनी मरेपर्यंत आंब्याची फोड तोंडात घातली नाही.

"मी लय विचार केला," ते म्हणाले. "आंबा सोडू, तर तो डाक्टरनंच सोडवला. साखर सोडवली. भात सोडवला. सोडाले माझ्यापाशी काही उरलंच नव्हतं, मंदा. ह्या दोन गोळ्याच होत्या."

माझ्या डोळ्यांसमोर मोरी आली. पिवळं दूध, आणि वरून तांब्याभर पाणी.

*

पाय गेला. आधी बोटं कापली, मग पाऊल, मग गुडघ्याखालून. तीन वेळा सही घेतली, तिन्ही वेळा मी केली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा वीस वर्षांत खराब होतच होता, या महिन्यांनी घाई केली. आता त्यांना उजेड कळतो, दारात कोणी उभं आहे एवढं कळतं. अक्षर दिसत नाही.

माझ्या उरलेल्या दोन केमो शिल्पानं नेऊन आणून केल्या. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. त्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन सरळ त्यांच्या वॉर्डात गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पावलांवरूनच मला ओळखलं.

"काय आलं?"

"काही नाही राहिलं. सगळं साफ."

त्यांनी चादरीखालून हात काढला, माझा हात शोधला. "लागलं ना कामी?"

सगळ्या जन्मात त्यांनी मला एकच प्रश्न असा विचारला असेल, ज्याचं उत्तर त्यांना खरंच हवं होतं. मी फळ्यावर खोटं उत्तर कधी लिहिलेलं नाही. पण मी म्हटलं, "हो. लागलं."

नंतर मी डॉक्टरीणबाईंना एकटीनं गाठून सगळं सांगितलं. मोरीसुद्धा. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "आंटी, आपने पी भी ली होती, तो उससे कुछ होता, ये मैं नहीं कह सकती थी. पर काका के शरीर में वो गोली क्या कर रही थी, ये पक्का पता था."

ज्यांच्या घरात असं कात्रण कोणी कापून ठेवलं असेल त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवा. ती गोळी कॅन्सरवर काम करेल की नाही, ते शोधणारे शोधतील, आणि शोधोत बापडे. पण तुमच्या माणसाच्या अंगात ती आज जे काम करते आहे ते शंभर टक्के खरं आहे. कात्रण लपवायला लावू नका. हसू नका. घरात कोणी पाणी जास्त पितंय का, तेवढं बघा.

*

आता एक विनंती. अंक तात्यापाऱ्यात घरोघर जाईल. वसंतराव संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात, खाली एक पाय, शेजारी कुबडी. तुमच्यातले पुष्कळ जण त्यांना भेटाल. बोला, चहा प्या, बिनसाखरेचा. मोरीचं सांगू नका. शिल्पालाही सांगितलेलं नाही. ती मराठी अंक उघडत नाही, आणि उघडलाच तर ती मला काय म्हणायचं ते म्हणेल, ते माझं मी बघून घेईन.

काल हे लिखाण मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांचाच हट्ट होता. वासाचं वाचलं, बाहेरच्या खोलीत घालवलं ते वाचलं, टोचून बोललेलं एकूण एक वाचलं. ऐकून हसले. म्हणाले, "एवढं वाईट नको लिहू स्वतःले." जिथं जिथं मोरी आली तिथं मी ओळी सोडून पुढे गेले. गणिताच्या बाईला ओळ सोडून वाचायला जमत नाही, दोनदा अडखळले.

"दुधाचं लिहिलं ना?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं."

"लय कडू होत असंल ना ते? मी एक दिवस चाखून पाहिलं होतं. माझ्यानं एक घोटबी गेला नाही." ते माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत होते. "आन् तू रोज पेलाभर पेत होती. कधी तोंड वाकडं नाही केलं. हेबी लिही."

मी म्हटलं, "लिहिते."